आईच्या वाटच्या ओळी

चर्चमध्ये तिला सगळे समोर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'पट्टी'. दोन्हींत प्रेम होतं, पण पाठीमागच्यात जरा जास्त होतं. हे नाव पडायला कारणंही दोन होती. ती पडद्यांच्या दुकानात कापड मापून कापायची, त्यामुळे दिवसभर हातात लोखंडी मीटरपट्टी. आणि संध्याकाळी चर्चच्या क्वायरला सुरुवातीचा सूर द्यायची, म्हणजे तिथेही पट्टी तिचीच. वय त्रेपन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

माणूस चोख. चार मीटर म्हणजे चार मीटर, वर दोन बोटं शिवणीला, ती न मागता. खोड एकच होती. रिकामी जागा तिला सोसायची नाही. एक कडवं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत चार मात्रा थांबायचं असलं, की तेवढ्यात ती ऑर्गनवर काहीतरी वाजवून घेणारच. गिऱ्हाईक बोलता बोलता अडलं, की त्याचं वाक्य ती पुरं करून टाकायची, आणि ते बिचारं "हो, तेच, तेच" म्हणत मान हलवायचं. क्वायरमध्ये एक बेसवाले, म्हणजे खालच्या जाड सुरात गाणारे, काका होते, टपालखात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं पत्रं वेळेवर पोचवली, पण सूर मात्र कायम अर्धी मात्रा उशिरा. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा ताई त्यांच्या ओळी स्वतःच घसा जाड करून म्हणून टाकायची. काका म्हणायचे, "ताई, उद्या मी मेलो तरी तुमच्या क्वायरमध्ये कुणाला पत्ता लागायचा नाही." सगळे हसायचे. तीही हसायची, आणि पुढच्या गाण्याला पुन्हा तेच करायची.

घरी ती आणि आई, दोघीच. आई एक्याऐंशीची. एके काळी प्रसूतिगृहात नर्स होती. शेकडो बाळं तिच्या हातांवर जगात आली होती. आता तिला स्वतःचं एकुलतं एक लेकरू ओळखू यायचं नाही. तीन वर्षांपासून एकेक गोष्ट जात चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या, मग चमचा कसा धरायचा ते. सकाळी ताई तिला उठवायला गेली की आई विचारायची, "तुम्ही आज नवीन आलात का ड्यूटीवर?" ताई म्हणायची, "हो, नवीनच." वाद घालून काय मिळवायचं होतं?

पण रोज संध्याकाळी सात वाजता एक गोष्ट घडायची, आणि ताई सगळा दिवस त्या एका गोष्टीवर काढायची.

ती होती वडिलांनी केलेली प्रार्थना. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मोठमोठ्या प्रार्थना त्यांना मानवायच्या नाहीत. देवाच्या दारात सगळ्यांचीच रांग असते, आपण थोडक्यात आटपावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बारा ओळी केल्या होत्या. एक ओळ त्यांची, एक बायकोची, अशा सहा आणि सहा. लग्न झाल्यापासून दोघं समोरासमोर बसून ती म्हणत आले. ते गेले तेव्हा त्यांच्या वाटच्या ओळी लेकीकडे आल्या, आणि आईच्या ओळी आईकडेच राहिल्या. खिडकीजवळ दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा, आईचे हात ताईच्या हातांत.

"दिवस तू दिलास," ताई म्हणायची.

आणि दिवसभर एक वाक्य धड पुरं न करणारी आई म्हणायची, "आता तूच त्याची घडी करून ठेव."

"हातून झालं ते तुझं."

"हातून राहिलं तेही तुझंच."

"दुखतंय त्याच्या उशाशी बस."

"एकटा आहे त्याच्या दाराशी थांब."

एकही शब्द चुकायचा नाही. शेवटी "येशू, तू जागा राहा" असं ताई म्हणायची, आणि "म्हणजे आम्ही झोपू" असं आई. मग दोघींचा आमेन. आमेन झाला की आई डोळे उघडायची, लेकीच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "चिमे, जेवलीस का गं?"

चिमी हे तिचं लहानपणचं नाव. जगात ते आता एकाच माणसाच्या तोंडी उरलं होतं, आणि तेही दिवसातून एकदाच. पुढची दहा-पंधरा मिनिटं घरात आई असायची. "तो मखमलीचा तागा संपला का गं?" विचारायची, केस नीट बांध म्हणायची, एखाद्या दिवशी वडिलांच्या विसरभोळेपणावर हसायची. मग हळूहळू पुन्हा परकी होत जायची. तेवढ्यावर ताई दुसऱ्या दिवशीच्या सातपर्यंत तग धरायची. डॉक्टरांना तिने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं मात्र धरून ठेवा. रोज, त्याच वेळी. खंड पडू देऊ नका."

खंड पडू देऊ नका. हे तर तिच्या स्वभावाचंच औषध होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चच्या समितीची बैठक झाली. चर्चच्या इमारतीला साठ वर्षं होणार होती, तेव्हा यंदाचा नाताळ दणक्यात करायचा असं सगळ्यांच्या मनात. कुणी म्हणालं फेसाचं बर्फ पाडायचं यंत्र आणू, कुणी म्हणालं सोडत काढू, खजिनदारांच्या डोक्यात सांताक्लॉजला दोरीने छतावरून उतरवायचं होतं. ताई बराच वेळ ऐकून घेत बसली होती, म्हणजे तिच्या मानाने बराच वेळ. मग उठली आणि म्हणाली, "सगळं छान आहे. फक्त यात ख्रिस्ताला कुठे बसवायचं तेवढं सांगा. गाड्या लावायच्या जागेत?"

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, त्यांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "ताईंनी बरोबर बोट ठेवलं. मध्यभागी तो असला पाहिजे, बाकी सगळं कडेला. नुसती उपासना करायची, वचन आणि गाणी. आणि ते ताईच बसवतील." जे जे कामातून सुटले त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. चांगलं बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यात काम घालायची पद्धत समित्यांना कुणी शिकवावी लागत नाही.

चार आवाजांतली नऊ गाणी, पंचवीस माणसं, त्यांतली निम्मी सूर न ओळखणारी. तालीम रोज लागणार होती. लोक कामावरून सुटून येणार, म्हणजे सात वाजता.

"सातला मला जमायचं नाही," ताई म्हणाली. "सातला आईबरोबर माझी प्रार्थना असते."

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. डिसेंबरात त्यांना स्वतःच्या घरी जेवायला वेळ मिळत नसे. ते मऊपणाने म्हणाले, "महिना-दीड महिन्याचाच प्रश्न आहे, ताई. आणि शेवटी त्याच्यासाठीच तर करतोय ना आपण."

ती "साडेसात करू या" म्हणाली असती तर आभाळ कोसळलं नसतं. दहा जण कुरकुरले असते, बाकीच्यांनी मान डोलावली असती. पण ख्रिस्त मध्यभागी पाहिजे असं पाच मिनिटांपूर्वी तिनेच सांगितलं होतं. आता त्याच्या कामात स्वतःच्या घरचं आडवं कसं घालायचं? ती 'हो' म्हणाली. मला तिचा राग येतो तो इथे, आणि पुढे कुठेच नाही.

घरी येऊन तिने उपाय काढला. आईला सांभाळायला दिवसा एक बाई यायच्या, त्यांना ताई मावशी म्हणायची. त्या तालमीच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबायला तयार झाल्या. प्रार्थना घरातल्या जुन्या फोनवर भरून ठेवायची, मावशींनी बरोबर सातला लावायची. खंड पडायचा प्रश्नच नाही.

रविवारी दुपारी आई झोपलेली असताना ताई स्वयंपाकघरात दार लावून बसली. पहिल्यांदा तिने फक्त आपल्या ओळी म्हटल्या आणि मध्ये आईसाठी जागा सोडली. लावून ऐकलं. "दिवस तू दिलास," आणि मग नुसती शांतता, त्यात कुठेतरी टपटपणारा नळ. तिला ते ऐकवेना. फोन बंद पडलाय की काय असं वाटत होतं. मावशींनाही तसंच वाटेल, त्या मध्येच बंद करतील, असं तिने स्वतःला समजावलं. मग ते पुसून तिने पुन्हा म्हटलं, या वेळी बाराच्या बारा ओळी. आईच्या ओळी तिने आवाज थोडा खाली घेऊन, आईच्या ढंगात म्हटल्या. उत्तम झालं. कुठे फट नाही, कुठे अडखळ नाही.

पहिल्या आठवड्यात सगळं ठीक चाललं. "आजी फोनबरोबर म्हणतात हो," मावशी सांगायच्या, "तुमच्या आवाजात आवाज मिसळून." ताईला समाधान वाटलं. दुसऱ्या आठवड्यात आजी नुसते ओठ हलवू लागल्या. तिसऱ्यात हात जोडून शांत बसू लागल्या. "अगदी गुणी बाळासारख्या ऐकतात," मावशी म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही, त्यांना जे दिसलं ते सांगितलं. ताई तेव्हा दुकानात निघायच्या घाईत कोटाच्या बाह्यांत हात घालत होती.

कारण डिसेंबराने तिला पुरतं धरलं होतं. सणाआधी गावातल्या प्रत्येक घराला एकाच वेळी जाणीव होते की आपले पडदे जुने झाले. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. दिवसभर कात्री चालवून अंगठ्याला घट्टा पडला होता. तिथून धावत चर्चमध्ये, खुर्च्या मांडा, कागद वाटा, काकांना त्यांची अर्धी मात्रा परत करा. परतेपर्यंत आई जेवून झोपलेली असायची. रविवारी आजाऱ्यांच्या घरी जाऊन गाणी म्हणायची. गंमत अशी की क्वायर ज्यांच्या ज्यांच्या दारी गेली, त्यांत ताईचं घर नव्हतं. तिनेच यादी केली होती, आणि आपलं घर तिला सुचलंच नाही.

नाताळाला आठवडा राहिला असताना एकदा तालमीतून तिने मावशींच्या फोनवर फोन लावला, आईच्या खोकल्याचं औषध वरच्या खणात आहे हे सांगायला. सात नुकतेच वाजले होते. मावशी "धरा हं" म्हणून औषध बघायला गेल्या. फोनमधून तिला खोलीतला आवाज ऐकू आला. तिचाच आवाज. दुखतंय त्याच्या उशाशी बस, तो म्हणाला. आणि लगेच तोच आवाज, जरा खाली येऊन, म्हणाला, एकटा आहे त्याच्या दाराशी थांब. तिने कान देऊन ऐकलं. खोलीत तिसरा, आईचा, आवाज नव्हता.

त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं की आपणही महिनाभर ही प्रार्थना म्हटलेली नाही. तालमीच्या आधी प्रार्थना व्हायची खरी, पण त्या वेळी ती डोळे मिटून मनात कागदांचा क्रम लावत असायची. देवाचं काम इतकं होतं की देवाशी बोलायचं राहून गेलं होतं, आणि घरी तिच्या वाटचं तो फोन बोलत होता. जावं का घरी? आत्ता, असंच? कोट खुंटीलाच होता. तेवढ्यात आतून आवाज आला, "ताई, सूर द्या ना, आम्ही उभे आहोत केव्हाचे!" पंचवीस माणसं गप्प उभी होती. ती आत गेली आणि तिने सूर दिला.

नाताळची उपासना इतकी सुंदर झाली की लोक अजून तिचं नाव काढतात. बर्फ नाही, सोडत नाही, दोरीवरचा सांता नाही. नऊच्या नऊ गाणी, मध्ये वचन. काकासुद्धा दोन गाण्यांत वेळेवर आले. मागच्या बाकांवरची माणसं डोळे पुसत होती. पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कित्येक वर्षांनी यंदाच्या नाताळात ख्रिस्त मध्यभागी होता, आणि याचं श्रेय आपल्या ताईंना." तिने मान खाली घातली. चार घरांनी जेवायला बोलावलं, चारही ठिकाणी तिने हात जोडले. "आज आई," ती म्हणाली. "आज फक्त आई."

मावशींना तिने सुट्टी दिली होती. सकाळपुरत्या शेजारच्या बाई बसल्या होत्या, त्याही गेल्या. दुपारभर ताई लहान पोरीसारखी खुशीत होती. आईला न्हाऊ घातलं, केस विंचरले, निळं स्वेटर घातलं. आई तिला "नर्सबाई" म्हणत होती, त्याचं तिला काही वाटलं नाही. सात वाजू देत, ती मनात म्हणत होती. पावणेसातलाच तिने खुर्च्या समोरासमोर लावल्या. तो जुना फोन बंद करून टेबलावर ठेवला. गुडघ्याला गुडघा. आईचे हात हातांत घेतले, ते गरम होते.

"दिवस तू दिलास," ताई म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली.

"दिवस तू दिलास," ती पुन्हा म्हणाली, जरा हळू.

आईने मान वळवून टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे. चेहऱ्यावर त्रास नव्हता, आठवायची धडपडही नव्हती. पुढचं कुणीतरी म्हणणारच आहे, असं मानून ती निवांत बसली होती.

"आता तूच..." ताईने सूर द्यावा तसे शब्द दिले. "आता तूच त्याची... आई, म्हण ना गं. आता तूच त्याची..."

काही नाही.

मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ती थांबली. ओठ घट्ट मिटून, आईची जागा आईला मोकळी ठेवून ती बसून राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला सणाच्या शुभेच्छा देत होतं. शेजारच्या घरात भांडी वाजत होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहत मनातल्या मनात देवाला विनवलं, एक ओळ दे, एकच दे, बाकीच्या पाच ठेव तुझ्याकडे. आई आपला अंगठा तिच्या हाताच्या घट्ट्यावरून फिरवत होती, एखादं कापड बघावं तसा.

तेव्हा ताईला सगळं कळलं. डॉक्टर काय म्हणाले होते आणि आपण काय ऐकलं, ते कळलं. प्रार्थनेत खंड पडला नव्हता, पण आईला तिच्यात जागाच उरली नव्हती. तिच्या सहा ओळी रोज तिच्या देखत दुसऱ्या कुणीतरी म्हटल्या, आणि शेवटी तिने त्या सोडून दिल्या. नेल्या कुणी? काळाने नाही, आजारानेही नाही. लेकीने स्वयंपाकघरात दार लावून नेल्या होत्या, आणि वर आईचा आवाजही लावला होता.

अर्ध्यावर तरी कसं सोडायचं? ती पुढे म्हणू लागली. आपली ओळ, मग आईची ओळ, मग आपली. सूर कुठल्या कुठे गेला. आपण कुणाशी बोलतोय ते तिला कळत नव्हतं. समोर कुणी नव्हतं, आणि वरही कुणी असेल असं त्या घडीला वाटत नव्हतं. कशीबशी ती आमेनपर्यंत पोचली. आमेन तिने एकटीनेच म्हटला, आणि सवयीने मान वर करून आईकडे पाहिलं.

आईने आपले हात हळूच सोडवून घेतले आणि पाहुण्याशी बोलावं तसं हसून म्हणाली, "छान म्हणता हो तुम्ही."

ताईने मोकळे झालेले हात मांडीवर ठेवले.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई असते," ताई म्हणाली.

"मग बसलात काय इथे?" आई म्हणाली. "आज नाताळ ना? जा घरी. वाट बघत असेल ती."